वीतभर सुरमई

रविवारी सकाळी मासळी घ्यायला गेलो होतो. मावशींनी बर्फातून सुरमई काढून फळीवर ठेवली तेव्हा सहज शेजारी हात पसरून बघितला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक वीत, आणि शेपूट तेवढी बाहेर. "एवढीशीच?" म्हटलं.

"आवं दादा, रातच्या गाडीला ह्योच माल आलाय. मोठी पायजे असली तर डबल मोजायला लागतील." असं म्हणत त्यांनी सुरी हातात घेतलीसुद्धा.

मी घेतली. घरी तळली, चवीने खाल्ली, उगाच साधूपणाचा आव कशाला आणा. पण ती वीत डोक्यात राहिली. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या समुद्री जीवांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, त्याहून लहान पकडायला मनाई. सुरमईसाठी ती लांबी ३७० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन वीत. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. माझ्या ताटात आलेली सुरमई वाढायची राहिलेली होती. हे आकडे कुठून येतात, मासे लहान का होत चाललेत आणि समुद्रात नक्की चाललंय काय, ते जरा नीट समजून घेऊ.

आपल्या कोल्हापूरकरांच्या मनातला समुद्र म्हणजे एक न संपणारं कोठार. कोल्हापूरपासून तो सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, मध्ये सह्याद्री. करूळ, फोंडा नाहीतर आंबा घाट चढून रात्रीतून गाड्या येतात आणि बुधवार-शुक्रवार-रविवारच्या ताटाची सोय होते. कोठारात माल असतोच, फक्त आणायचा. ही समजूत मुळातच चुकीची आहे. समुद्र कोठार नाही, शेत आहे. आणि बहुतेक ठिकाणी माळरान आहे.

शेताला ऊन आणि खत दोन्ही लागतं. समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर, पण पीक येण्यापुरतं ऊन वरच्या शंभर-दोनशे मीटरपर्यंतच पोचतं. त्या पातळ थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात, त्यांना वनस्पतीप्लवंग म्हणतात. पृथ्वीवरचं जवळजवळ निम्मं प्रकाशसंश्लेषण या सूक्ष्म जीवांकडून होतं. हे समुद्रातलं गवत. त्यावर प्राणीप्लवंग चरतात, त्यांच्यावर तारली-बांगडा पोसतात आणि त्यांच्यावर सुरमई. दर पायरीला नव्वद टक्के जगण्यात खर्च होतं आणि दहा टक्के अंगाला लागतं, असा ढोबळ हिशेब. म्हणजे किलोभर सुरमईमागे दहा किलो लहान मासे, त्यांच्यामागे शंभर किलो प्राणीप्लवंग, त्यांच्यामागे टनभर हिरवळ. सुरमई महाग का, याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

आता खत. मेलेलं सगळं खाली बुडतं आणि त्याच्याबरोबर नत्र-स्फुरदही बुडतं. ऊन वर, खत खाली. शेतकऱ्याला ही अडचण लगेच कळेल. खालची माती वर आणायला नांगर लागतो. समुद्राचा नांगर म्हणजे वारा.

आणि हा वारा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. जूनमध्ये नैऋत्येकडून जो वारा सुटतो आणि गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस ओततो, तोच अरबी समुद्र ओलांडताना समुद्र नांगरत आलेला असतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता उजवीकडे वळतं. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत वारा ईशान्येकडे वाहतो, त्यामुळे तिथलं वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकललं जातं. रिकाम्या झालेल्या जागी खालचं गार, खतावलेलं पाणी वर येतं. केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावरही पावसाळ्यात हे घडतं, जरा कमी जोराने. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्राचं वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली जातं, तेव्हा तिकडे दुसरी नांगरट होते. दोन मोसम, दोन नांगरटी. म्हणून अरबी समुद्र जगातल्या सुपीक समुद्रांत मोडतो. पाऊस आणि मासा ही एकाच वाऱ्याची दोन कामं आहेत.

पण याच सुपीकपणाची एक काळी बाजू आहे, आणि ती समजून घ्यायला कोल्हापूरकराला समुद्रावर जायची गरज नाही. उन्हाळ्यात पंचगंगेचं पाणी कमी होतं, जलपर्णी माजते, वरून सांडपाणी आणि मळी येते. हे सगळं कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. मासे तोंड वर काढून धापा टाकतात आणि एखाद्या सकाळी तेरवाड बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच लागल्याची बातमी येते. माशांना कोणी थेट विष घालावं लागत नाही. श्वास संपला तरी पुरे.

अरबी समुद्रात हेच प्रचंड प्रमाणात होतं. वर भरपूर पीक येतं, मेल्यावर खाली जातं, खाली कुजतं. त्यात या समुद्राला उत्तरेकडे जमिनीची भिंत आहे. अटलांटिकसारखं उत्तर ध्रुवाकडून ताजं, प्राणवायूने भरलेलं गार पाणी इथं येत नाही. दक्षिणेकडून जे येतं ते लांबचा प्रवास करून, वाटेत प्राणवायू खर्चून आलेलं. त्यामुळे साधारण १५० मीटरपासून हजारेक मीटर खोलीपर्यंत एक जाडजूड थर असा आहे की तिथं प्राणवायू नावालाच. जगातल्या सगळ्यांत मोठ्या आणि तीव्र अशा थरांपैकी हा एक. तो माणसाने निर्माण केलेला नाही, फार पूर्वीपासून आहे. आता काळजी आहे ती तो वर सरकण्याची आणि पसरण्याची. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रातही पावसाळ्याच्या उत्तरार्धात प्राणवायू जवळपास संपतो. प्राणवायू संपला की काही जिवाणू नायट्रेटवर श्वास चालवतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, जो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा शेकडो पट जालीम आहे.

माशांच्या बाजूने विचार करा. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यात खालचे मजले पाण्यात गेले तेव्हा अख्खी गल्ली दोन-तीन उंच घरांच्या गच्चीवर जमा झाली होती. खालची हवा संपली की मासेही असेच वरच्या थरात दाटीवाटीने गोळा होतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय मासळी आहे! जाळ्यात भराभर येतात. ती बरकत नसते, कोंडी असते.

त्यात समुद्र तापतोय. हरितगृह वायूंमुळे अडकलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. गरम पाणी हलकं असतं. मिसळीच्या रश्शावर तर्री तरंगते तसं ते गार पाण्यावर तरंगत राहतं, आणि तर्री जितकी जाड तितका पळी ढवळायला जोर जास्त लागतो. वारा तेवढाच, पण वरचा थर जास्त हलका झाला, की नांगर खोल जात नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळी तापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशांनी वाढलं. २०१६ मध्ये त्यांनी मांडलं की तिथले वनस्पतीप्लवंग सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले असावेत. मालकाला न सांगता कुरणातलं एक पंचमांश गवत गेलं, असं म्हणा. गरम समुद्राची वादळंही वाढली. जून २०२० मधलं निसर्ग आणि मे २०२१ मधलं तौक्ते कोकणाने सोसलं, त्याच्या पावसाचा मार घाटमाथ्यावर आपल्यालाही बसला.

इथं कोणीही विचारेल, समुद्रात किती मासे उरलेत हे मोजतं कोण आणि कसं? प्रश्न रास्त आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेला किती माणसं आली ते सांगायचं, पण डोंगरावर जायचं नाही, फक्त पायथ्याशी उतरणाऱ्या एसट्या मोजायच्या, असं हे काम आहे. १९४७ मध्ये सुरू झालेली, आता कोचीला असलेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था ते करते. बंदरांवर तिची माणसं उभी असतात. ठरवलेल्या दिवशी ठरवलेल्या बोटींचा माल जातीनिहाय नोंदवतात, माशांची लांबी घेतात, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बोट किती तास जाळं ओढत होती ते विचारतात. एसटीत आधी पन्नास माणसं यायची आणि आता तेवढ्याच फेऱ्यांत वीस येत असतील, तर एकूण आकडा कितीही मोठा असो, यात्रा रोडावली हे कळतं. म्हणून 'यंदा मासळी जास्त आली' या बातमीवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. किती बोटींनी, किती तास आणि किती लांब जाऊन आणली, ते कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. देशाची वर्षाची सागरी मासळी सुमारे ३५ लाख टनांच्या आसपास आहे, पण त्याच मासळीसाठी लागणारं इंजिन, डिझेल आणि अंतर वाढत गेलंय, हे कोकणातला कोणताही तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, सांगेल.

माशाचं वय मात्र गमतीशीर पद्धतीने कळतं. घोळ किंवा ढोम्याचं डोकं चाखताना दाताखाली एक पांढरा खडा येतो, आपण तो थुंकून देतो. तो माशाच्या कानातला खडा. त्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात. ती मोजली की वय, आणि दोन वलयांतल्या अंतरावरून कोणत्या वर्षी मासा चांगला वाढला तेही. या वयाचा लांबीशी मेळ घातला आणि पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, कोणत्या लांबीपासून दिसते ते बघितलं, की किमान लांबीचा तो मिलिमीटरमधला आकडा ठरवता येतो.

आता 'शाश्वत' हा शब्द. सरकारी कागदांवर तो इतका झिजलाय की वाचताना डोळा त्यावर थांबत नाही. त्यापेक्षा ऊस बघा. आपण ऊस तोडतो तेव्हा बुडखा जमिनीत राहतो आणि पुढच्या वर्षी नवी लागण न करता खोडवा येतो. एखादा म्हणाला, बुडख्यातही वजन आहे, तोही काट्यावर चढवू, तर त्या वर्षी त्याचं टनेज वाढेल. पुढच्या वर्षी रान मोकळं. समुद्रात लागण कोणी करत नाही, तिथं सगळा खोडवाच आहे. समुद्रात मागे राहिलेला मासा म्हणजे बुडखा.

मग किती तोडायचं? तळ्यात मासे अगदी खच्चून भरलेले असतील तर खायला पुरत नाही, नवी पिल्लं जगत नाहीत, वाढ जवळपास शून्य. मोजकेच उरले तरी अंडी घालणारेच नाहीत, वाढ पुन्हा शून्य. मध्ये कुठंतरी, साध्या गणितात निम्म्यावर, वाढ सर्वांत जास्त. ती वर्षाची वाढ काढून घेतली तर साठा तेवढाच राहतो. मत्स्यशास्त्राचा अर्धा डोलारा या एका हिशेबावर उभा आहे. कागदावर सोपं. प्रत्यक्षात निम्मं म्हणजे किती हेच धूसर असतं, वारा दरवर्षी सारखा नसतो, आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला सारखाच असतो. म्हणून शहाणी व्यवस्था त्या कमाल रेषेच्या बरीच अलीकडे थांबते. कॅनडाने ते केलं नाही. न्यूफाउंडलंडचा कॉड मासा शतकानुशतकं निघत होता, शेवटची वर्षं आकडे फुगवून वाचले गेले आणि १९९२ मध्ये मासेमारीच बंद करावी लागली. तीस हजारांच्या वर लोकांचं काम एका घोषणेत गेलं. साठा त्यानंतर तीन दशकं उलटूनही पूर्वीसारखा झालेला नाही.

लांबीचा मुद्दा इथं येऊन मिळतो. माशाची लांबी दुप्पट झाली की शरीराचं आकारमान आठपट होतं आणि अंडीही त्याच हिशेबाने, कधी त्याहूनही जास्त. एक मोठी मादी आणि तिच्या निम्म्या लांबीच्या आठ माद्या वजनाला सारख्या, पण निम्म्या लांबीच्या त्या आठींतल्या कित्येकींनी अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. अंडी घालण्याआधीच मासा उचलणं म्हणजे कोंब फुटायच्या आत बुडखा उपटणं.

सगळा दोष जाळ्याचा असतो असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. केरळात तारली २०१२ मध्ये जवळपास चार लाख टन निघाली आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. तारली हा मासा मुळातच वाऱ्यावरचा. एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी जादा तापतं त्या वर्षी त्याचं खाणं आणि प्रजनन दोन्ही बिघडतं. पण आजारी माणसाला उपाशी ठेवलं तर तो उठायला वेळ लागतो. नैसर्गिक घसरण चालू असताना लहान मासळी ओढत राहिलं की तेच होतं. आणि ही लहान मासळी सगळी ताटात जात नाही. तिचा बराच भाग सुकवून, दळून कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जातो. म्हणजे मासळी नको म्हणून चिकन मागवणाऱ्यानेही समुद्राशी संबंध तोडला असं होत नाही.

नियम काय आहेत ते थोडक्यात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार आणि तिथपासून २०० मैलांपर्यंत केंद्राचा. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा १९८१ चा, २०२१ मध्ये सुधारून दंड वाढवलेला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी. जाळ्याची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, किती असावी याचे नियम आहेत, लहान मासा त्यातून निसटून जावा म्हणून. एलईडी दिवे लावून मासे गोळा करायला २०१७ पासून मनाई. माशांची झुंड चहूबाजूंनी घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर २०१६ पासून राज्याने कडक मर्यादा घातल्या. कागद भक्कम आहे. पण सातशे किलोमीटरच्या वरचा किनारा आणि मोजक्या गस्ती नौका, हा हिशेब तुम्हीच मांडा.

बंदीमागचं शास्त्र आपल्याला वेगळं शिकवायला नको. पहिल्या पावसात ओढ्याला लाल पाणी आलं की चढणीचे मासे धरायला कोण धावतं? आपणच. पोट गाभोळीने भरलेले, उलट्या धारेने अंडी घालायला निघालेले मासे, आणि त्यांचीच चव भारी म्हणून आपण वाट अडवून बसतो. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न घालण्याची जुनी रीत होती. खवळलेल्या समुद्राची भीती हे त्याचं कारण असेल, पण माशांना त्यात दोन महिने मिळायचे.

समुद्र सगळ्यांचा म्हणजे कोणाचाच नाही, त्यामुळे तो लुटला जाणारच, असं पुष्कळ अर्थतज्ज्ञ मानत आले. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन बाईंनी जगभरची कुरणं, कालवे आणि मच्छीमार गावं बघून दाखवलं की असं नेहमी होत नाही. वापरणाऱ्यांनीच नियम केले, नियम मोडणाऱ्यावर त्यांनीच नजर ठेवली आणि बाहेरच्याला मोकळं रान दिलं नाही, तर सामायिक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. नदीवरून पाणी उचलणाऱ्या सहकारी संस्थेत पाळीवरून भांडलेल्या कोल्हापूरच्या शेतकऱ्याला हे वाचून काही नवीन वाटणार नाही. मालवणची रापण त्याच जातीची. किनाऱ्यावरून अख्खं गाव मिळून जाळं ओढायचं आणि मिळेल त्याचे ठरलेले वाटे करायचे. तिची मर्यादा माणसांच्या दंडातच होती. पर्ससीनवाली एक मोठी बोट एका फेऱ्यात बांगड्याची अख्खी झुंड घेरते, मग रापणीला रिकामी वाळू ओढायची वेळ येते. मालवणात या दोघांत वारंवार संघर्ष पेटतो तो याच कारणाने, आणि माझी सहानुभूती रापणकरांकडे आहे हे लपवत नाही.

शास्त्र आपोआप माशांच्या बाजूने उभं राहतं असंही समजू नये. हैदराबादची 'इन्कॉईस' ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवळ बघून मासे कुठं सापडतील याचा अंदाज मच्छीमारांना रोज देते. डिझेल वाचतं, जीव वाचतो, उत्तम. पण मासा शोधणं सोपं झालं की मासा संपवणंही सोपं होतं. हीच संस्था समुद्रात सोडलेल्या यांत्रिक तरंगकांची माहितीही गोळा करते. जगभरात असे चारेक हजार आहेत. दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोल बुडी मारायची, वर येताना तापमान आणि क्षार मोजायचे आणि उपग्रहाला कळवायचं. पुढच्या पावसाचा अंदाज वर्तवताना हेच आकडे उपयोगी पडतात. म्हणजे पन्हाळ्याच्या पायथ्याला भाताची पेरणी कधी करायची, याचा एक धागा दोन किलोमीटर खोल पाण्यात आहे.

राहिलं आपलं काम. सुरमई तुकड्यांनी घेतली तर लांबी कळत नाही, पण तुकडी कळते. तळहाताहून लहान तुकडी म्हणजे पोर. अख्खी घेतली तर वीत लावून बघा, पावणेदोनच्या आत असेल तर बांगडा घ्या. तो लवकर वाढतो, लवकर वितो, आणि तिखट कालवणात सुरमईच्या बापाला ऐकत नाही. पावसाळ्यात सोडे, सुकट, सुके बोंबील आहेतच.

आणि जुलैत कोणी ताजं पापलेट म्हणून समोर ठेवलं तर कुठलं ते विचारा. आपल्या किनाऱ्यावर तेव्हा बोटी ओढून ठेवलेल्या असतात. पूर्व किनाऱ्याची बंदी मात्र १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे ते आंध्रकडून आलेलं असू शकतं. आपली पंचगंगा जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि हजारावर किलोमीटर चालून तिकडेच, हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरात उतरते. जाताना शेतातला युरिया, गटारं आणि निर्माल्य घेऊन जाते. येताना मासळी बर्फात घालून ट्रकने येते.